भरीतराव उठत नाही

रुपचंद नाना एका जागी शांत बसले आहेत, असं दृश्य त्यांच्या बायकोने, ताईबाईने, छत्तीस वर्षांच्या संसारात पाहिलेलं नव्हतं. जेवताना ते पाटावर असत, पण तेसुद्धा उठायच्या बेतात. पंगतीत मागचा भात यायच्या आत यांचे हात धुऊन मोकळे. फायर ब्रिगेडमधून निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. सकाळी उठून अंगणातली रबरी नळी बंबाच्या होजसारखी गुंडाळायची, उलगडायची, परत गुंडाळायची. शेजारच्या कुकरची चौथी शिट्टी झाली की कुंपणावरून ओरडायचं, "गॅस बंद करा व माय!" शेवटी ताईबाई म्हणाली, "या माणसाला कुणीतरी कामाला लावा, नाहीतर मला माहेरी जाऊ द्या. साठीत माहेरी कोण उरलंय ते माझं मी बघून घेईन."

तर काम मिळालं. आणि कसं मिळालं बघा, सगळ्या जळगाव जिल्ह्यात ज्या एका कामात माणसाला दिवसभर हलता येत नाही, नेमकं तेच मिळालं.

अजिंठा रोडला सुरेशचंद शेठजींची केळी पिकवायची चार चेंबरं होती. जाड भिंती, एकही खिडकी नाही, आत बारा महिने गारवा. शेठजींचा मुलगा रोनक पुण्याला शिकायला गेला आणि येताना बाहुल्यांचं खूळ घेऊन आला. चारातली दोन चेंबरं मागितली. शेठजींनी दिली, म्हणाले, पोरगं गावी परत आलं हेच खूप, आता तिथं बाहुल्या नाचवू दे नाहीतर माकडं. पण जागा खरंच सोन्यासारखी होती. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश. बाहुली मेणाच्या मातीची, ओट्यावर ठेवली तर तासाभरात तिचं नाक छातीवर येतं. आत केळ्यांच्या थंडीत ती ताठ उभी राहते.

त्या थंडीत लहान मुलांची टीव्हीमालिका तयार होत होती, 'फुटाणेपूरचा बंब'. चार टेबलं जोडून त्यावर अख्खं फुटाणेपूर वसवलेलं: बाजार, शाळा, पाण्याची टाकी आणि बंबाचं स्टेशन. फायरमन वीतभर उंचीचे. आत तार, वर माती. त्यांचा म्होरक्या भरीतराव, भरताच्या वांग्यासारख्या जांभळ्या नाकाचा. त्याची जोडीदारीण ठेचा, दिसायला एवढीशी पण तिखट. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत केसभर हलवायची, परत फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. बाहुल्या हलवणारी कामिनी, पहूरची, बत्तीस वर्षांची. गोष्टही तीच लिहायची. रोनक बाकीचं सगळं बघायचा, म्हणजे दिवसभर फोनवर असायचा.

चॅनेलची अट होती की मुलांना आगीबद्दल चुकीचं काही दाखवायचं नाही, खरा फायरमन सल्लागार हवा. म्हणून नाना आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "वर्दी आली की तुमचा बंब फाटकाबाहेर किती वेळात पडतो?"

"चार दिवसांत," कामिनी म्हणाली.

नाना तिच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे आगीच्या फोनला वर्दी म्हणतात. वर्दीची घंटा वाजल्यापासून चाळिसाव्या सेकंदाला बंब रस्त्यावर, ही नानांची चौतीस वर्षांची शिस्त. गावात लोक 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणून चिडवतात ना, नानांच्या बंबाला तसं कुणी म्हटलं नव्हतं. आणि इथं चार दिवस! त्यांचा उजवा पाय आपोआप हलायला लागला. पाय हलला की फरशी हलायची, फरशी हलली की टेबल, आणि टेबल हललं की फोटो वाया.

"नाना, पाय," कामिनी म्हणायची.

"हां हां." दोन मिनिटांनी परत सुरू.

शेवटी रोनकने नानांच्या खुर्चीखाली जुनी गादी टाकली. तरी कामिनीचं "नाना, पाय" दिवसातून तीसदा व्हायचंच.

अकराव्या भागापर्यंत सगळं असं हसतखेळत चाललं. अकराव्या भागात जिनिंगला आग लागली आणि नाना अडले.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. खानदेशात आग म्हटली की पहिल्यांदा जिनिंगच आठवते. कामिनीने कापसाची गंजी खऱ्या कापसाचीच केली होती, धूरही पिंजलेल्या कापसाचा, ज्वाळा केशरी जिलेटिन कागदाच्या. भरीतराव पाणी मारतो, ज्वाळा जातात, भरीतराव म्हणतो, "विझली!" आणि सगळे बंबात बसून घरी पुरणपोळी खायला निघतात. गोष्ट संपली.

"हे नाही चालणार," नाना म्हणाले.

"काय चुकलं?"

"कापसाची आग अशी विझत नाही. वरून विझते, आत धुमसत राहते. दोन-दोन दिवस. ज्वाळा गेल्या म्हणजे निम्मं काम झालं. मग तिथं बसायचं असतं. गंजीत लोखंडी सळई खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, काढून मनगटाला लावायची. गरम लागली तर तिथं परत पाणी. गार लागली तरी बसायचं. पहारा म्हणतो आम्ही त्याला. भरीतराव पहाऱ्याला बसला पाहिजे."

"किती वेळ?"

"तुमच्या हिशोबात... आठ सेकंदं द्या मला. फक्त आठ."

रोनकने फोन कानापासून लांब केला. "नाना, भाग अकरा मिनिटांचा. आपण आताच काठावर आहोत. आणि आठ सेकंदं हिरो नुसता बसलाय? पोरं चॅनेल बदलतील. सोमवारी भाग पाठवायचाय मला."

"बदलू देत. चुकीचं दाखवायचं नाही अशी अट आहे ना तुमची? मग मी सही करणार नाही."

सहीचं ऐकून रोनकने फोन परत कानाला लावला. पण सही हे निमित्त. नानांना ती आठ सेकंदं हवीच होती, आणि का हवी होती ते त्यांनी दुपारी चहाला कामिनीला सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी धुळ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी ते लीडिंग फायरमन होते, म्हणजे बंबावरचे मुख्य. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. सकाळी जिनिंगला आग लागली, दुपारी बारापर्यंत आटोक्यात आली. पहारा सुरू झाला. दोनच्या सुमाराला दुसरी वर्दी आली, म्हणून नाना बंब घेऊन निघाले. मागे राहिला पुना, त्यांच्या हाताखालचा फायरमन, पस्तिशीचा. ओले होज गोळा करून मागून येणार होता. वीस मिनिटांत गंजी आतून परत पेटली. पुना एकटा, जवळ पाणी नाही. ओलं गोणपाट घेऊन झोडपायला आत गेला आणि शेडचे पत्रे खाली आले.

"कापसाची आग काय असते ते पोरांना कळलं पाहिजे," नाना म्हणाले. "त्यातलं एखादं पोरगं उद्या बंबावर असेल."

नाना ही हकीकत सांगत तेव्हा एवढीच सांगत. कामिनीच्या हातातला चहा गार झाला. ती उठून रोनककडे गेली आणि दोघांचं चांगलंच वाजलं. रोनक म्हणत होता आठ सेकंदं आणू कुठून, ही म्हणत होती माझी काप. तिची म्हणजे ठेचाचा एक शॉट होता. ठेचा स्टेशनच्या खांबावरून घसरत येते, हवेतच हेल्मेट घालते आणि बंबात उडी मारते. त्या शॉटला नऊ दिवस लागले होते, आणि येईल त्याला कामिनी तोच दाखवायची. तो तिने काढून टाकला. नानांना हे कळलं. ते बाहेर गेले, उन्हात एक चक्कर मारली आणि परत आले.

"कशाला काढला व माय तो?"

"आता काढला. आता तुम्ही मला बसून दाखवा."

बाहुली कशी बसवायची हे कळायला आधी माणूस कसा बसतो त्याचा व्हिडिओ घ्यावा लागतो. कामिनीने एक खोकं मांडलं, नानांच्या हातात सळई दिली, मोबाईल लावला. "पहाऱ्याला बसता तसे बसा. अर्धं मिनिट. बस्स."

काय सांगू तुम्हाला! पहिल्या खेपेला नानांनी चौथ्या सेकंदाला घड्याळ बघितलं. दुसऱ्या खेपेला पाय सुरू झाला. तिसऱ्या खेपेला ते उठून उभेच राहिले, कशाला ते त्यांनाही माहीत नाही. सातव्या खेपेला त्यांनी सळईने गादीतला कापूस उकरला. बाराव्या खेपेला कामिनीने मोबाईल खाली ठेवला. ती चिडलेली नव्हती, दमली होती, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायला नको ते निघतं.

"नाना, तुम्ही खरंच कधी पहाऱ्याला बसला होतात का हो?"

नानांनी सळई खोक्यावर आपटली, चपला घातल्या आणि निघून गेले. घरी जाऊन नळी गुंडाळली. उलगडली. परत गुंडाळली. ताईबाईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. पोरीला अक्कल नाही." जेवले नाहीत. एक पोरगी खरं बोलली होती आणि ते त्यांच्या अंगात काट्यासारखं मोडून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला नाना चेंबरच्या दाराशी हजर. कामिनी गाडी लावत होती.

"मला बसता येत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडं बघून तुला काही मिळायचं नाही. भरीतराव माझ्या हातात दे. मी बसवतो त्याला."

"नाना, याला शिकावं लागतं."

"मग शिकव. बसलेलाच तर आहे. कुठं धावायचंय त्याला?"

"बसलेलाच अवघड असतो. धावणारा थोडा चुकला तरी चालतो. बसलेला अजिबात हलला नाही तर मेल्यासारखा दिसतो, जास्त हलला तर खुळ्यासारखा."

पण तिने दिला. भरीतरावाच्या छातीत मातीखाली एक पातळ पट्टी होती. टाचणीने ती केसभर वर सारायची, म्हणजे श्वास आत. चार फोटोंनंतर केसभर खाली, म्हणजे श्वास बाहेर. पापणी म्हणजे नखाएवढा मातीचा तुकडा, तो चिमट्याने बसवायचा आणि काढायचा. समोरच्या पडद्यावर मागच्या फोटोची फिकट सावली दिसायची. ती बघून किती हलवलं ते ठरवायचं. शहाण्णव फोटो. कामिनी बटण दाबणार, नाना हलवणार.

पहिले वीस फोटो फेकून द्यावे लागले. नानांची बोटं जाड, होजची जोडणी पिळून पिळून राकट झालेली. टाचणी त्यांच्या हातात दिसायचीसुद्धा नाही. एकदा भरीतरावाचं नाकच निघून आलं. नाना कपाळावरचा घाम पुसायचे, त्या थंडीत घाम! उठावंसं वाटायचं. पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. वर्दी नसताना घंटा ऐकू यायची. पण उठले की फरशी हलणार, म्हणून ते तसेच बसून राहायचे. दुपारपर्यंत दहा चांगले फोटो झाले, संध्याकाळी बत्तीस.

"नाना, पाय," कामिनीने त्या दिवशी एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हात बसला. श्वास आत, श्वास बाहेर. भरीतरावाने सळई गंजीत खुपसली. दोन सेकंद ठेवली. काढली, मनगटाला लावली. गार. परत बसला. कामिनीने तेवढं चालवून दाखवलं आणि दोघंही पडद्याकडे बघत राहिली. तो वीतभर मातीचा माणूस कापसाच्या ढिगाकडे खरंच बघत होता. रोनकसुद्धा फोन खिशात घालून मागे उभा राहिला. "भारी झालंय, नाना," तो म्हणाला. "आता उठवा त्याला, 'विझली' म्हणू दे, आणि मोकळे व्हा."

चारच्या सुमाराला शहाण्णवावा फोटो झाला.

"आठ सेकंदं झाली," कामिनी म्हणाली. "आता उठवायचं. आधी कमरेतून पुढं झुकवा."

नानांनी टाचणी उचलली आणि छातीची पट्टी केसभर वर सारली. श्वास आत.

"नाना, उठवायचंय."

"फोटो काढ."

तिने काढला. त्यांनी परत श्वास दिला. परत. एकशे चार झाले, एकशे दहा झाले. रोनकने घड्याळ दाखवलं, हातवारे केले, बाहेर जाऊन परत आला. "नाना, नऊ सेकंदं! अहो, मी कुठून आणू? कामिनी, तू तरी सांग!" कामिनीने त्याला हातानेच बाहेर जायला सांगितलं. एकशे वीस. दहा सेकंदं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "कधीतरी उठावं लागेल ना त्याला."

"उठला तर तो मी." नानांनी टाचणी खाली ठेवली. "दुसरी वर्दी नव्हती आली."

"काय?"

"त्या दिवशी. रिपोर्टात मी लिहिलं, दुसरी वर्दी आल्याने बंब हलवला. कुणी विचारलं नाही. चौतीस वर्षांत माझ्यावर एक ठपका नाही, मला कोण विचारणार? पण वर्दी नव्हती. कुणाचा फोन नाही, काही नाही. पावणेदोन तास बसलो होतो. धूर नव्हता, ऊन तापलं होतं, आणि मला बसवत नव्हतं. पायात नुसत्या मुंग्या. म्हटलं विझली, गुंडाळा. एवढंच. मला बसवत नव्हतं म्हणून माणूस गेला."

कामिनीने बटणावरचा हात काढून घेतला. तिला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं वाईटही वाटत होतं, आणि यातलं आधी काय करावं ते तिला कळत नव्हतं.

"त्याची बायको?" तिने विचारलं.

"बेबाबाई. तिला आमच्याच स्टेशनात घेतलं, पुनाच्या जागी. टेलिफोनवर बसते. दर दिवाळीला जातो मी. ती चहा करते. पाच मिनिटं थांबतो आणि निघतो."

"तिला सांगितलंत?"

नानांनी मान हलवली.

"मग मला सांगून काय उपयोग, नाना?"

ती हे रागाने नाही म्हणाली, पण नानांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते. ज्याचं देणं त्याला न देता भलत्याच्या ओट्यावर ठेवून आल्यासारखं. त्यांनी भरीतरावाकडे बोट केलं.

"याला असाच राहू दे," ते म्हणाले. "उठवू नको."

"नाही उठवत. भाग इथंच संपवते. रोनकला मी बघते."

रविवारी सकाळी नाना धुळ्याच्या बसमध्ये बसले. पारोळ्यापर्यंत तीनदा जागा बदलली. एकदा खिडकीची, एकदा दाराची, एकदा नुसतेच उभे राहिले, कंडक्टर वैतागला. धुळ्याला उतरून पुढच्या गाडीत चढताना पाय मागे ओढत होता. परत जावं, ताईबाईला सांगावं बस चुकली. अकरा वर्षं झाली, उकरून कुणाचं भलं होणार? असे शंभर विचार. पण गाडी सुटली होती आणि चालत्या गाडीतून उडी मारायचं वय राहिलं नव्हतं.

बेबाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. सुट्टीचा दिवस. नानांना बघून ती उठली. "नाना? दिवाळी तर नही शे. काय काम काढं?"

"काम नाही. बसायला आलो."

तिने सूप बाजूला ठेवलं, खुर्ची दिली, आत जाऊन चहा टाकला. नाना खुर्चीच्या कडेवर टेकले. दारातून दिसणाऱ्या आतल्या भिंतीवर पुनाचा गणवेशातला फोटो, त्याला ताजा हार. चहा आला. नानांनी घेतला नाही. घेतला असता तर पाच मिनिटांत संपला असता आणि मग उठावं लागलं असतं.

"बेबाबाई, त्या दिवशी दुसरी वर्दी नव्हती आली."

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग खाली बसली, सूप परत मांडीवर घेतलं.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली.

नानांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"वर्दीची वही माझ्याच कपाटात असते, नाना. नोकरी लागली त्या पहिल्याच महिन्यात काढून बघितली. त्या तारखेला सकाळची जिनिंगची एक वर्दी आहे. त्याच्यानंतर पान कोरं. दहा वर्षं झाली मला ठाऊक आहे." तिची बोटं ज्वारीतून खडे काढत होती, एक एक करून फेकत होती. "दर दिवाळीला वाटायचं, आज सांगतील. तुम्ही चहा प्यायचे आणि पळायचे. मग मीच विचार करायची, का गेले असतील? दारू प्यायले होते का? जिनिंगच्या शेठने काही दिलं का? की भ्यायले? कधी वाटायचं घरी काही झालं असेल, बायको आजारी असेल. काहीतरी मोठं असेल. माणूस उगाच बंब हलवत नाही."

नानांनी खुर्चीची कड धरली.

"काय होतं, नाना?"

त्यांच्या मनात आलं, काहीतरी मोठं सांगावं. भीती सांगावी. भीती तरी माणसाला समजते.

"मला बसवत नव्हतं," ते म्हणाले. "कंटाळा आला होता."

बेबाबाईची बोटं थांबली.

"इतलंच?"

"इतलंच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडली असती तरी. तिने सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि आत निघून गेली. आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. चहावर साय धरली. परतीची बारा वाजताची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन निघून गेली. नानांचा पाय हलायला लागला, त्यांनी त्याच्यावर हात दाबून धरला. शेजारच्या घरात कुकर वाजला. एक शेळी ओट्याशी येऊन ज्वारी हुंगून गेली. ऊन अंगणातून वर सरकत सरकत खुर्चीपर्यंत आलं, त्यांच्या गुडघ्यांवर आलं. पोटऱ्यांत मुंग्या, मानेत कळ, सगळं अंग ऊठ ऊठ म्हणत होतं. एवढा वेळ नाना उभ्या आयुष्यात कधी बसले नव्हते. दोनची गाडीही गेली.

तीन वाजता बेबाबाई बाहेर आली. डोळे लाल होते. नाना अजून तिथंच आहेत हे बघून ती दारातच थबकली. मग उंबऱ्यावर बसली, त्यांच्याकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून.

"तुम्ही निघाले तेव्हा तो काय म्हणाला?" तिने विचारलं. "शेवटचं तुमच्याशीच बोलला ना तो. मला कुणी सांगितलंच नाही."

नानांना ते शब्द पाठ होते. अकरा वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की ते ऐकू आले नाहीत. पण तोंडातून ते कधीच काढले नव्हते, ताईबाईजवळ नाही, रिपोर्टात नाही, काल कामिनीजवळसुद्धा नाही.

"मी म्हणालो विझली, गुंडाळ," नाना म्हणाले. "तो सळई मनगटाला लावून बसला होता. म्हणाला, 'जराखं बसूत ना, नाना.'"